कोकणात घर घेताय? एरिया सेफ आहे का ते कसं बघायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही डोंबिवली सोडून चिपळूणला आलो, त्याआधी दीड वर्षात अकरा घरं बघितली, त्यातल्या एकाला टोकन देऊन परत मागून घेतलं (तो किस्सा खाली आहे). तेव्हापासून नात्यातलं ओळखीतलं कोणीही रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात घर बघायला लागलं की फोन मला. प्रश्न दरवेळी तेच, म्हणून एकदाच टाइप करून ठेवते. मी वकील नाही आणि इंजिनियरही नाही, कागद आणि बांधकाम त्या त्या माणसाकडून तपासून घ्याच. हे फक्त परिसराबद्दल.

कोकणात कसल्या चोऱ्यामाऱ्या, गाव शांत आहे. अजून काय बघायचं?

गाव शांत आहे हे खरंच आहे, आणि त्यामुळेच लोक काही न बघता घर घेतात. शहरातला माणूस सेफ म्हटलं की चोर, गर्दुल्ले आणि छेडछाड एवढंच डोक्यात घेऊन येतो. ते विचारायचंच, पण इथे पहिला नंबर पाण्याचा, मग डोंगराचा, आणि मग रात्री दोन वाजता काही झालं तर हाकेला ओ देणारं माणूस किती लांब आहे त्याचा. चोर त्यानंतर. मला आलेल्या फोनांपैकी बहुतेक जण सुरुवात सीसीटीव्हीपासून करतात आणि घराच्या मागून पऱ्या (पावसाळी ओढा) वाहतो हे बोलता बोलता शेवटी सांगतात.

एरिया बघायला कधी जायचं?

जुलैत. एजंट बोलावणार डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा हवा मस्त, आंब्याला मोहोर, रस्ता कोरडा आणि मागचा पऱ्या म्हणजे नुसती दगडांची ओळ, पोरं त्यात क्रिकेट खेळतायत. तोच पऱ्या आषाढात बघा. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच, त्यामुळे त्या चार महिन्यांत जे दिसत नाही ते नंतर रंगाखाली गेलेलं असतं. रजा मिळत नसेल तर निदान एक करा, दोन दिवस सलग कोसळला अशी बातमी आली की तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढा आणि जाऊन बघा, घरात पण जायची गरज नाही, रस्त्यावरून बघितलं तरी चालेल.

दुसरी चक्कर गणपती झाल्यावर आठ-दहा दिवसांनी, आणि रात्री. गणपतीत प्रत्येक घरात दिवा असतो, आरत्या, भजनं, पोरांचा गोंधळ, वाटतं काय भरलेली वाडी आहे. चाकरमानी परत गेले की रात्री साडेआठला उभं राहून उजेड असलेली घरं मोजा. गुहागरकडच्या एका वाडीत आम्ही २२ घरं मोजली, उजेड ४ घरांत, त्यातल्या दोन घरांत ऐंशीच्या आसपासच्या आजी एकट्या. सुंदर वाडी, पाखाडी (दगडी पायवाट), गडगे (नुसते दगड रचलेल्या कुंपणभिंती), सगळं फोटोत घ्यावं असं. आम्ही नाही घेतलं.

पूर येतो का असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. कसं ओळखायचं?

विकणारा नाहीच म्हणणार, आणि शेजारी पण म्हणतात कारण उद्या त्यांनाही विकायचं असतं. प्रश्न बदला. "पाणी येतं का" असं विचारू नका, "एकवीसला पाणी कुठपर्यंत होतं" असं विचारा, माणूस आपोआप हात वर करून दाखवतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ आणि त्याआधी २६ जुलै २००५, ह्या दोन तारखा सगळ्यांना पाठ आहेत, एकवीसला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी असं चढलं की एसटी आगारातले लोक बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. अशी तारीख नदीकाठच्या प्रत्येक गावाची असते, ती आधी माहीत करून घ्या आणि मग विचारा.

आता टोकनची गोष्ट. तळमजल्याचा फ्लॅट होता, "फुल्ली रिनोव्हेटेड". हॉलमध्ये भिंतीला साडेपाच फुटांपर्यंत टाइल्स. किचनमध्ये समजू शकतं, हॉलमध्ये कोण लावतं? मला वाटलं असेल कोणाची हौस, आणि भाव बरा होता म्हणून आम्ही २५ हजार देऊन टाकले. परत मापं घ्यायला गेलो तेव्हा पार्किंगमध्ये बघितलं तर वीज मीटरच्या सगळ्या पेट्या माझ्या डोक्याच्या वर, रीडिंग घ्यायला स्टूल लागेल इतक्या वर. बेडरूमच्या दरवाजाची खालची वीतभर कड फुगून सोललेली आणि त्यावर नवा ऑइलपेंट. मग नवऱ्याने टेस्टर काढून वॉशिंग मशीनच्या जुन्या प्लगचं झाकण उघडलं. आत बारीक चॉकलेटी माती, सुकून पावडर झालेली, बोटाला मऊ लागत होती. बाकी सगळं घर पुसलं, रंगवलं, एक बोर्ड राहिला. टोकन परत मिळायला दोन महिने आणि बरीच भांडणं लागली.

तर तेव्हापासून मी काय काय बघते ते सांगते. गेटच्या गंजाला आडवी रेघ आहे का. कंपाउंडच्या भिंतीवर कुठल्या उंचीपर्यंत रंग नवा आहे. नदीकाठच्या झाडांच्या फांद्यांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या किती उंचीवर अडकल्यात, कारण तिथे कोणी चढून बांधायला जात नाही, पाण्यानेच नेऊन लावलेल्या असतात. नाक्यावरचा किराणावाला पावसाळ्यात तांदळाची पोती जमिनीवर ठेवतो की लोखंडी स्टँडवर, आणि वर माळा करून घेतलाय का. दुकानदार स्वतःचा माल भिजू देत नाही, त्याच्या मांडणीवर माझा एजंटपेक्षा जास्त विश्वास आहे.

आणि भरतीचं गणित समजून घ्या. डोंगरात पडलेलं पाणी नदीतून खाडीला जातं, पण खाडीला भरती असेल तर ते उतरत नाही, तुंबतं. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि घाटमाथ्यावर मुसळधार हे एका वेळी आलं की संपलं. म्हणून "गेल्या वर्षी एवढा पडला तरी नाही आलं" ह्याला अर्थ नाही, तेव्हा ओहोटी असेल. महाडला सावित्री आणि गांधारी, खेडला जगबुडी, संगमेश्वरला शास्त्री-सोनवी, राजापूरला अर्जुना-कोदवली आणि तो जवाहर चौक, बांद्याला तेरेखोल, ही सगळी गावं जुनी बंदरं नाहीतर बाजारपेठा, नदीमुळेच वसलेली, त्यामुळे मोक्याची जागा आणि पाण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. बांद्यात एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, "पाणी येता, बसता, जाता. तुमी कित्याक घाबरतास?" बरोबर आहे त्यांचं, पण त्यांच्या घरात माळा आहे, वरच्या वाडीत सख्खा भाऊ आहे आणि पाणी चढायला लागलं की काय आधी उचलायचं ते सुनेला झोपेतही माहीत आहे. आपल्याकडे सोफा आहे.

पूररेषेचा नकाशा मिळतो म्हणतात, तो बघितला की झालं ना?

बघाच, पण झालं नाही. जलसंपदा विभाग नदीच्या दोन रेषा आखतो, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल असा. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. नगरपरिषदेत नकाशा मागा आणि आपला सर्व्हे नंबर त्यावर दाखवायला सांगा. लोक "२५ वर्षांतून एकदा" ऐकून म्हणतात २०२१ ला येऊन गेला म्हणजे आता २०४६ पर्यंत निवांत. तसं नसतं हो, त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता, गेल्या वर्षी आला म्हणून ह्या वर्षी कमी होत नाही. आणि छोट्या नद्या, पऱ्या, वहाळ ह्यांना रेषाच नसते बऱ्याचदा.

त्यापेक्षा कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडा, त्यात जुने फोटो बघायची सोय आहे, १५-२० वर्षं मागे जाऊन बघा तुमच्या प्लॉटच्या जागी काय होतं. हिरवे चौकोन चौकोन दिसले तर भाताचा मळा होता आणि त्यावर भराव टाकलाय. मळा म्हणजे पाणी साठायचीच जागा, म्हणून तर तिथे भात लावायचे. जुना सातबारा पण बोलतो, क्षेत्र भाताचं होतं की वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), पोटखराब (लागवडीला न येणारा भाग) किती, कुठे खाजण (खाडीकाठची खारी जमीन) लिहिलंय का. आणि त्या जागेचं जुनं नाव विचारा, बिल्डरने ठेवलेलं नाही, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडातलं. "वहाळाकडचं" म्हणत असतील तर वहाळ कुठे गेला ते शोधा, पाइपात घातला असेल.

डोंगराच्या कुशीत प्लॉट आहे, व्ह्यू जबरदस्त. घेऊ का?

मी नाही घेणार. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेत दरड आली, ८० हून जास्त माणसं गेली, त्याच पावसात खेडच्या पोसरे गावात पण. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. ह्या काही कोणी काल-परवा प्लॉट पाडून बांधलेल्या वस्त्या नव्हत्या, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं होती, त्यामुळे "एवढी वर्षं काही झालं नाही" हे वाक्य मी ऐकून घेते पण धरत नाही.

आपल्याकडे वर जांभा असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्याखाली शेडीची मऊ माती. जांभ्याला भोकं, पाणी झिरपून खाली मातीत जातं, माती फुगते, निसरडी होते, आणि वरचा सगळा भार घसरतो. त्यात कोणी प्लॉट सपाट करायला जेसीबी लावून डोंगराचा पायथा कापला असेल तर धरून ठेवणारा भागच गेला. म्हणून घराच्या मागे किती फूट उभी कटिंग आहे, तिला पिचिंग (उतारावर बसवलेले दगड) किंवा भिंत आहे का, भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलीत का, हे बघा. नुसती सिमेंटची गुळगुळीत भिंत असेल आणि भोकं नसतील तर ती भिंत पाणी अडवून स्वतःच पडते.

वर चढून पण बघा, आळस करू नका. जमिनीला लांब आडव्या भेगा, विजेचे खांब नाहीतर झाडं एकाच दिशेला कललेली, बुंधा खाली वाकडा आणि वर परत सरळ झालेला, नवीनच कुठे झरा फुटलेला, नेहमी स्वच्छ असणारं झऱ्याचं पाणी गढूळ, दरवाजे अचानक घासायला लागलेले, ह्यातलं काहीही दिसलं तर परत फिरा. दरडप्रवण गावांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात असते, तहसीलदारांकडे पण विचारता येतं, दर पावसाळ्यात कुठल्या वाडीला स्थलांतराची नोटीस येते ते तर पोलीस पाटील तोंडावर सांगतो.

आणि वरच्या अंगाला धरण किंवा पाझर तलाव असेल तर त्याच्या गळतीबद्दल गावात काय बोलतात ते ऐका. २ जुलै २०१९ ला तिवऱ्याचं धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली, ते चिपळूण तालुक्यातच.

समुद्रासमोरचं घर?

फिरायला भाड्याने घ्या. बरं, सिरियसली. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, आधी. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून दाट वस्ती असेल तर ५० मीटर आणि विरळ असेल तर २०० मीटर ना-विकास क्षेत्र, दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर माणसं. आपल्या बहुतेक वाड्या त्यात बसत नाहीत. "सगळ्यांनी बांधलंय, काही होत नाही" असं सांगणारा माणूस नोटीस आल्यावर फोन उचलत नाही.

कागद सोडून बघायचं तर, धूपप्रतिबंधक बंधारा आहे का, असला तर का घालावा लागला? किनाऱ्यावरचे माड मुळं उघडी पडून समुद्राकडे झुकलेत का? जून-जुलैच्या मोठ्या उधाणाला पाणी कुठल्या आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) शिरतं? खाडीकाठी असाल तर खारबंदिस्ती (खारं पाणी अडवणारा बांध) शाबूत आहे की फुटलेली, कारण फुटली की खारं पाणी शेतात आणि विहिरीत, आणि विहीर एकदा मचूळ झाली की झाली.

वादळाचं म्हणाल तर ३ जून २०२० चं निसर्ग. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या केल्या, कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते, त्याचा तडाखा देवगड-मालवणला. माझ्या आत्येसासूबाईंच्या घरावर माड पडला नाही, शेजारच्याचे पत्रे उडून येऊन पडले. म्हणजे आपलं छप्पर मजबूत असून भागत नाही, वाऱ्याच्या बाजूला कोणाचं काय आहे ते पण बघावं लागतं.

गुन्ह्यांची माहिती कुठे मिळते?

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघता येतात, जिल्हा, पोलीस स्टेशन आणि तारीख टाकून. महिला-मुलांवरच्या अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यात टाकत नाहीत, हे लक्षात ठेवा, म्हणजे ते तिथे दिसले नाहीत म्हणून घडत नाहीत असं नाही. सहा महिन्यांचे चाळले तरी अंदाज येतो, दारू, अपघात, मारामाऱ्या आणि जमिनीवरून डोकी फोडणं, बंद घर फोडणं. नंतर पोलीस स्टेशनला जाऊन त्या गावाचा बीट अंमलदार (त्या भागाचं काम बघणारा पोलीस) कोण ते विचारा आणि सरळ सांगा घर घेतोय. मी गेले तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि दहा मिनिटांत दोन वाड्यांमधला फरक असा सांगितला की कुठल्याही वेबसाइटवर मिळाला नसता. गावात पोलीस पाटील असतो, त्याला भेटायलाच हवं. आणि पोलीस स्टेशन किती किलोमीटर, रात्री ११२ ला फोन केला तर गाडी कुठून येणार, हे पण विचारून घ्या.

तिकडे कोण लोक राहतात ते बघायला नको का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारते की तुला नक्की काय माहिती हवीय. जात-धर्म विचारायचा असेल तर त्याचा सेफ असण्याशी संबंध नाही. बागेत राखणीला आलेले नेपाळी कामगार किंवा चिरेखाणीवरचे (जांभ्याचे चिरे काढायच्या खाणीवरचे) बाहेरचे मजूर राहतात म्हणून एरिया खराब, हे पण मी खूप ऐकलंय आणि त्या एफआयआर चाळताना मला तसं काही दिसलं नाही. बघायचं तर हे बघा की रात्री दारू कुठे विकली जाते आणि पिऊन लोक कुठल्या वाटेने जातात.

बाईने एकटीने राहावं, मुलीने क्लासवरून रात्री यावं इतपत आहे का, हे कसं कळणार?

पुरुषाला विचारून कळणार नाही, हे आधी. सरपंच पुरुष असतील तर ते "आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही ताई" म्हणतील आणि मनापासून म्हणतील. अंगणवाडीच्या ताई, आशा, मच्छी विकायला पहाटे निघणाऱ्या मावशी, बारावीतल्या मुली, ह्यांना विचारा. मावशी सरळ सांगतात, "ह्या वाटेने जाऊ नको, वरून जा." का ते नाही सांगितलं तरी चालेल, एवढं पुरे.

मग स्वतः चाला. एसटी थांब्यापासून घरापर्यंत, संध्याकाळी साडेसातला, टॉर्च न लावता. आमच्याकडच्या पाणंदी दिवसा इतक्या छान दिसतात, दोन्ही बाजूंना गडगा, वर झाडांची कमान, आणि रात्री तीच पाणंद म्हणजे दोनशे पावलं मिट्ट काळोख जिथून ओरडलं तरी ऐकू जाणार नाही. खांब किती, त्यातले दिवे लागतात किती, बंद पडला तर ग्रामपंचायत किती दिवसांत बदलते? मोबाइलला रेंज कुठे जाते? आम्ही जिथे घेतलं तिथे चढावर एका वळणावर रेंज जाते, लेकीला ती जागा पाठ आहे, वळणाच्या आधी फोन करते आणि वळण गेलं की परत.

बंद घरं जास्त असलेली वाडी म्हणजे शांतता. त्यात वाईट काय?

चोराला पण शांतता आवडते. बंद घर फोडून नेतात काय तर तांब्यापितळेची भांडी, विहिरीवरचा पंप, नळाचे पितळी कॉक, आणि मालकाला कळतं थेट शिमग्याला आल्यावर. तुम्ही स्वतः मुंबईत राहून सुट्टीला येणार असाल तर हे फार महत्त्वाचं. कॅमेरे लावलेत म्हणाल तर वीज आणि नेट दोन्ही गेल्यावर कॅमेरा म्हणजे भिंतीला लावलेली डबी. समोरच्या काकूंकडे किल्ली ठेवा, त्यांना दिवाबत्तीचे पैसे विचारू नका, त्यांना राग येईल, येताना खाऊ आणि त्यांच्या नातवाला काहीतरी आणा.

बंद घरांचा अजून एक त्रास म्हणजे मागचं रान वाढतं आणि रानात जे राहतं ते तुमच्याकडे येतं, त्यावरून पुढचा प्रश्न.

साप, विंचू, बिबट्या?

आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे चार मुख्य विषारी, आणि दवाखान्यातली सर्पदंशाची लस ह्या चारांसाठीच असते. कातळ-सड्याच्या (उघड्या खडकाळ माळाच्या) बाजूला घर असेल तर फुरशाचं विचारा, ते एवढंसं असतं, दगडाखाली, पाय पडेपर्यंत दिसत नाही. चिऱ्याचा ढीग किंवा लाकडं घराला टेकवून रचलेली असतील तर ती आधी हलवायची. लाल विंचवाचं विष थेट हृदयावर जातं, पूर्वी बरीच लहान मुलं दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन हे औषध वापरून ती मरणं कमी केली, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. सांगायचा मुद्दा, दंशावर उपाय आहे पण तो वेळेत मिळाला पाहिजे.

बिबट्या बहुतेक कुत्र्यांसाठी येतो. वाडीत कुत्री रात्री बांधून किंवा घरात घेतात का, एवढं विचारलं की कळतं. दोडामार्ग-सावंतवाडी बाजूला जंगलाला लागून घेत असाल तर माकडतापाचं नक्की विचारा, २०१६ पासून तिकडे रुग्ण सापडतायत, गोचिडीतून होतो.

दवाखाना किती जवळ हवा?

किलोमीटर सोडा, मिनिटं मोजा, आणि ती पण पावसात, रात्री, स्वतः गाडी चालवून. नकाशावरचे १८ किलोमीटर घाटात पाऊण तास होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, रात्री डॉक्टर राहतात का, सर्पदंशाची लस आज आहे का, १०८ ची गाडी कुठे उभी असते. मोठं काही झालं तर अलिबाग, रत्नागिरी नाहीतर ओरोसचं जिल्हा रुग्णालय. वाटेत साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) किंवा पाण्याखाली जाणारा मोरीवजा पूल असेल तर तो वर्षातून किती वेळा बुडतो? आमच्या सासूबाईंना दम्याचा त्रास, म्हणून ह्या एका प्रश्नावर आम्ही तीन घरं सोडली, त्यातलं एक मला अजून स्वप्नात येतं.

नवीन बिल्डिंगमधला फ्लॅट घेतला तर हे सगळं टळेल?

काही टळेल, काही वाढेल. महाडला २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत कोसळली, १६ जण गेले, आणि ती काही पन्नास वर्षं जुनी नव्हती, दहा वर्षांच्या आतली होती. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर सडतं, त्यामुळे पार्किंगमधल्या कॉलमना उभ्या भेगा, स्लॅबखाली तांबूस डाग, पोपडे सुटून आतली सळई दिसणं हे सगळं बघा. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट ८ पेक्षा जास्त, असं दोन्ही असेल तर महारेराची (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी लागते, नंबर टाकून साइटवर तपासा. बिल्डर १० टक्क्यांच्या वर पैसे नोंदणीकृत कराराशिवाय घेऊ शकत नाही. माझ्या टोकनला ह्यातलं काही लागू नव्हतं कारण ते रिसेल होतं, आणि मी एका चिठ्ठीवर सही घेऊन पैसे दिले होते. चिठ्ठी होती म्हणून परत तरी मिळाले.

हायवेला लागून किंवा एमआयडीसीजवळ?

मुंबई-गोवा हायवेला लागून दुकान घ्या, घर नको, मुलं सायकल चालवणार कुठे. लोटे परशुराम किंवा महाडसारख्या रासायनिक एमआयडीसीच्या जवळ असाल तर रात्री आणि पहाटे जा, वास तेव्हा कळतो, आणि सांडपाणी कुठल्या वहाळात जातं ते गावातल्या मच्छी पकडणाऱ्या माणसाला विचारा.

जमिनीचे वाद हा काय सुरक्षिततेचा विषय आहे का?

इथे आहे. एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातला एक भाऊ विकतो, बाकीचे मुंबईहून येतात आणि मग रोज गडग्यावर भांडण. तुमची वाट कोणाच्या जागेतून जाते ते लिहून घेतलेलं हवं, "जावा की, कोण अडवतंय" हे म्हणणारे काका गेले की त्यांचा मुलगा अडवतो. एका ओळखीच्यांच्या वाटेवर एका रात्रीत चिरे रचले गेले, सकाळी मुलाची स्कूल रिक्षा बाहेर आणि मूल आत. पोलिसांनी सांगितलं दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. शेतजमीन असेल तर तुमच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, बिनशेती झालीय का ते बघा.

वीज जाते का?

जाते. किती वेळ जाते ते महावितरणच्या लाइनमनला विचारा, ऑफिसात नाही. आमचा लाइनमन म्हणाला, तुमच्या घराला येणारी लाइन अडीच किलोमीटर काजूच्या बागेतून येते, वारा सुटला की मी रात्री तिकडेच असतो, दोन-तीन तास धरून चाला. आम्ही इन्व्हर्टर घेतला आणि सासूबाईंच्या नेब्युलायझरचं कनेक्शन त्याच्यावर टाकलं. लाइनमनचा नंबर फ्रीजवर चिकटवलेला आहे.